सातबाऱ्यावरची सतरा नावे आणि आमचे पहिले घर

रत्नागिरी तालुक्यातील एका वाडीत आम्ही आमचे पहिले घर घेतले, त्याला आता दोन पावसाळे होऊन गेले. घर लहान आहे. साडेचार गुंठे जागा, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, पुढे ओटी, मागे न्हाणी, आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या मालकीची विहीर. हे घर सापडेपर्यंत माझ्या पतींनी आणि मी पावस गावापासून गणपतीपुळ्यापर्यंत अकरा घरे पाहिली आणि त्यांतील दोन घरांच्या बाबतीत विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देण्याच्या अगदी टोकापर्यंत जाऊन मागे आलो. आमच्या शाळेतील तरुण शिक्षिका आता घरे पाहू लागल्या आहेत आणि मधल्या सुट्टीत मला कागदपत्रांबद्दल विचारतात. तेवढ्या वेळात सगळे सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिले घर आम्हांला पाहताक्षणीच आवडले होते. ओटीवरून माडांच्या शेंड्यांमधून समुद्र दिसत होता. विकणारे गृहस्थ स्वतः त्या घरात राहत होते, घरपट्टी त्यांच्या नावे होती, विजेचे बिल त्यांच्या नावे होते, आणि वाडीतील सगळे त्या घराला त्यांच्याच नावाने ओळखत होते. मुंबईहून दुसरे गिऱ्हाईक येत्या रविवारी येणार आहे, असे दलालाने सांगितले आणि दोन लाख रुपये विसार मागितला. पैसे काढून ठेवले होते. केवळ रीत म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी सातबाऱ्याचा उतारा घेऊन माझ्या पतींच्या मामांकडे गेलो. मामा तलाठी म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि भोगवटादाराच्या, म्हणजे मालकीच्या, रकान्यातील एकेका नावासमोर टिंब देत ते खाली गेले.

"सूनबाई, हे घर एकाचं नाही. सतरा जणांचं आहे," ते म्हणाले. "आणि या सतरांतले निदान पाच आता हयात नाहीत, हे मला ठाऊक आहे."

मग त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे जुने पान फाडले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर त्या घराण्याचा वंशवृक्ष काढायला घेतला. सातबाऱ्यावर नावांजवळ जे क्रमांक असतात ते फेरफारांचे, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदींचे, असतात. ते नाव त्या जागेवर वारसाने आले, खरेदीने आले, वाटणीने आले की कुळकायद्याने (कसणाऱ्या कुळाला जमीन देणाऱ्या कायद्याने) आले, हे त्या त्या फेरफाराच्या नोंदीत लिहिलेले असते. आम्ही पुढच्या दोन आठवड्यांत तलाठी कार्यालयातून आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून ते जुने फेरफार काढले. जे पाच गेले होते त्यांच्या वारसांची नोंद कधी झालीच नव्हती. वारस धरून मोजले तेव्हा सतरांचे एकतीस झाले. त्यांतील काही डोंबिवलीला, काही सुरतेला, एक आखातात, आणि दोन बहिणी अशा की ज्यांची नावे मालकीच्या रकान्यात नव्हती, ती 'इतर हक्क' या रकान्यात बसवलेली होती.

या बहिणींच्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी प्रत्येकीला सांगते. भावांची नावे मालकीत आणि बहिणींची इतर हक्कांत टाकण्याची जुनी पद्धत कोकणातील कितीतरी उताऱ्यांवर अजून दिसते. त्यामुळे खरेदीदाराला वाटते की त्यांचा फारसा संबंध नाही. प्रत्यक्षात 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिलेला आहे, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मतः असल्याचे व त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नसल्याचे स्पष्ट केले आहे. "बहिणींनी कधीच सोडलं आहे" हे वाक्य आम्ही चार घरांत ऐकले. सोडले असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवावे, एवढेच नम्रपणे म्हणावे. ते नसेल तर बहिणीची सही खरेदीखतावर हवी, आणि मला विचाराल तर तिच्या हिश्श्याचे पैसे तिच्याच खात्यावर गेलेले दिसायला हवेत.

सामाईक मालकीतील एखाद्याने आपला अविभक्त हिस्सा विकला तर तो व्यवहार कायद्याने आपोआप रद्द ठरत नाही, आणि नेमकी तिथेच फसगत होते. हिस्सा विकत घेतला तरी त्यातून माजघर तुमचे की पडवी तुमची, हे ठरत नाही. त्यातही ते एकत्र कुटुंबाचे राहते घर असेल तर बाहेरच्या खरेदीदाराला त्या कुटुंबाबरोबर सामाईक ताब्याचा हक्क सांगता येत नाही. त्याला वाटपाचा दावा करावा लागतो, आणि असा दावा किती वर्षे चालतो ते कोकणातील माणसाला सांगायला नको. आम्ही ते घर सोडले. त्या रात्री मला फार वाईट वाटले होते, हे कबूल करते.

सगळे हिस्सेदार विकायला खरोखर राजी असतील तर मात्र अशक्य काही नाही, फक्त वेळ साधावी लागते. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात, त्या दिवसांत सगळे एका ओटीवर भेटतात. ज्याला यायला जमत नाही त्याच्याकडून नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घेता येते. परदेशात राहणाऱ्याला ते तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवता येते. मात्र मुखत्यारपत्र हे दुसऱ्याच्या वतीने सही करण्याचे साधन आहे. निव्वळ मुखत्यारपत्र आणि साठेखत (पुढे विकण्याचा करार) करून घर 'घेतले' असे समजणारे लोक आहेत, पण अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगून ठेवले आहे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते.

तिसऱ्या घराची आठवण वेगळी आहे. तिथे कागद स्वच्छ होते, तिन्ही भावांची तोंडी संमतीही होती. आम्ही गेलो तेव्हा त्यांची आई कोनाड्याखालचा पाट पुसत बसली होती. दर वर्षी त्याच पाटावर घरचा गणपती बसत असे. तिने आम्हांला चहा दिला, मुलांची चौकशी केली आणि शेवटी एवढेच विचारले, "बाई, गणपती पुढच्या वर्षी कुठे बसवायचा, ते अजून कुणी मला सांगितलं नाही." थोरल्या भावाने मान खाली घातली. आम्ही त्या घराचे पुन्हा नाव काढले नाही, आणि पुढे त्यांनीही विकण्याचा विचार सोडला असे कळले. कोकणात मूळ घर घेताना हा प्रश्न आपण होऊन आधी विचारावा. जिथे देवाची व्यवस्था घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेली असते तिथे व्यवहारही शेवटापर्यंत जातो, असे मला दिसले.

घरपट्टीबद्दल थोडे सांगते, कारण याबाबत गैरसमज फार आहे. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा कर कोणाकडून वसूल करायचा ते सांगतो, मालकी सिद्ध करीत नाही. कोकणात घरे वाड्यावाड्यांतून विखुरलेली आहेत आणि त्यांतील पुष्कळ घरे गावठाणाच्या बाहेर, सातबाऱ्याच्या जमिनीत उभी आहेत. घर एकाने बांधलेले आणि खालची जमीन अजून दुसऱ्याच्या नावे, हा प्रकार त्यामुळे इथे सर्रास आढळतो. खोती (खोताने गावाचा सारा वसूल करण्याची पद्धत) 1949 च्या कायद्याने गेली, पण कित्येक ठिकाणी नोंदी मागेच राहिल्या. म्हणून असेसमेंट उतारा आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवून नावे जुळतात का ते पाहावे. जुळत नसतील तर का जुळत नाहीत याचे उत्तर कागदावर मागावे.

इतर हक्कांच्या रकान्यात आणखी काय काय असू शकते याची यादी मोठी आहे. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा, कुळाचे नाव, 'कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र' (कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरचे बंधन) असा शेरा, सिंधुदुर्गात काही भागांत 1975 च्या कायद्यातून आलेली खाजगी वनाची नोंद, शेजाऱ्याचा विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) असे लिहिलेले असेल तर विक्रीआधी परवानगी लागते. शेतजमिनीत घर असेल तर खरेदीदार स्वतः शेतकरी आहे का, हा प्रश्न 1948 च्या कुळकायद्याने उभा राहतो, आणि तुकडेबंदीचाही, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीचाही, प्रश्न येतो. बिनशेती आणि तुकडेबंदीचे नियम अलीकडे वारंवार बदलत आले आहेत, त्यामुळे कोणाच्या पाच वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नये. ज्या दिवशी व्यवहार करायचा त्या दिवशीचा नियम तहसील कचेरीत विचारून घ्यावा. आम्ही बिनशेती आदेश झालेलीच जागा घ्यायची असे ठरवले, त्यामुळे घरे कमी पाहायला मिळाली, पण बँकेचे काम पुढे सुलभ झाले.

हे सगळे स्वतः वाचता आले तरी वकिलाकडून मागच्या 30 वर्षांच्या मालकीच्या नोंदींचा शोध अहवाल घ्यावाच. वकील आपण निवडावा. दलालाने सुचवलेला वकील प्रामाणिक असू शकतो, परंतु त्याचे पुढचे काम दलालाकडून येणार असते. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि ती मुंबई आवृत्तीतही द्यावी, कारण हरकत घेणारा चुलता बहुधा तिकडेच राहत असतो.

समुद्राजवळचे एक घर आम्ही पाहिले, भरतीच्या पाण्यापासून शे-सव्वाशे पावलांवर. घरमालकांचे म्हणणे होते की ग्रामपंचायतीचा दाखला आहे, काळजी नको. पण समुद्रकाठच्या बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेडचे) नियम लागतात. त्यांची पहिली अधिसूचना 1991 ची, नंतरची 2011 ची आणि आताची 18 जानेवारी 2019 ची. समुद्राच्या बाबतीत भरती रेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो, आणि ग्रामीण भागात त्यातील पहिले 200 मीटर ना-विकास क्षेत्र असते. 2019 च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या गावांसाठी, म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक वस्ती असलेल्या ठिकाणी, हे अंतर 50 मीटरवर आणले आहे, पण आपले गाव त्यात येते असे गृहीत धरून चालत नाही. खाडीच्या काठालाही नियम आहेत, हे तर पुष्कळांच्या गावीही नसते. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात आपला सर्व्हे क्रमांक कुठे पडतो ते पाहावे लागते, आणि हे ठरवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. अलिबागजवळ किहीमला एक प्रशस्त बंगला मार्च 2019 मध्ये स्फोटकांनी पाडला गेला, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. जुने, पिढ्यान्‌पिढ्यांचे घर असेल आणि तसेच वापरायचे असेल तर गोष्ट निराळी, पण आमच्यासारख्यांना पुढेमागे एक खोली वाढवायची असते. ती वाढवता येणार नसेल तर किंमत त्या हिशेबाने ठरवावी.

आता प्रत्यक्ष घराकडे येते. आमच्याकडे घरे दाखवण्याचा हंगाम डिसेंबर ते मार्च असतो. हवा छान असते, भिंतींना नुकता रंग दिलेला असतो. मी मात्र सांगेन की घर जुलैमध्ये पाहा आणि विहीर मे महिन्यात पाहा, मग व्यवहाराला सहा महिने अधिक लागले तरी चालतील. किनारी कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक सगळा भाग चार महिन्यांत कोसळतो. घराचा खरा स्वभाव त्या चार महिन्यांतच दिसतो.

आम्ही नाकारलेल्या आठव्या घरात जानेवारीत आणि जुलैत अशा दोन्ही वेळा गेलो होतो. जानेवारीत आतली भिंत फिकट पिवळी, कोरडी होती. जुलैत त्याच भिंतीला मी जमिनीपासून हातभर उंचीवर तळवा लावला, तर तो ओला झाला आणि रंगाचा पापुद्रा हाताला चिकटून आला. त्याच्यामागे पांढरी क्षाराची भुकटी होती. जांभा सच्छिद्र दगड आहे. जोते पुरेसे उंच नसेल किंवा मागचा डोंगर उतार थेट भिंतीला भिडलेला असेल तर पाणी खालून आणि मागून शोषले जाते. खिडकीवरच्या छज्जाच्या पोटाला एक लांब भेग होती. माझ्या पतींनी छत्रीच्या टोकाने तिथे हलकेच टोचले, तेव्हा काँक्रीटचा तळहाताएवढा तुकडा गळून पडला आणि आतली सळई दिसली, तपकिरी, पापुद्रे सुटलेली, जागोजागी पेन्सिलीएवढी बारीक झालेली. बांधताना खाडीची वाळू न धुता वापरली असेल किंवा सळईवर काँक्रीटचे आवरण पातळ राहिले असेल, तर मीठ आत पोहोचते आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. वरून गिलावा केला की भेग दोन वर्षे दिसत नाही, आत काम चालूच राहते. असा छज्जा एखादाच असेल तर तोडून नव्याने करता येतो. तुळया आणि स्लॅबची तीच अवस्था असेल तर ते घर जमिनीच्या किमतीला घ्यावे, नाहीतर घेऊ नये.

अशा काही जागा प्रत्येक घरात पाहाव्यात. विजेच्या बोर्डाचे स्क्रू हिरवट झाले आहेत का, बिजागऱ्या कशा आहेत, स्लॅबवर पत्र्याची शेड घातली आहे ती केवळ वाळवणासाठी की गळती झाकण्यासाठी. कौलारू घर असेल तर पाऊस चालू असताना माजघरात दिवा मालवून वर पाहावे, उजेडाचे ठिपके दिसतात ती गळतीची ठिकाणे. कौले दर वर्षी चाळावी लागतात आणि वानरांनी फोडलेली बदलावी लागतात, तो खर्च कायमचा धरावा. वाशांना आणि चौकटींना स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बाजूने ठोकून आवाज ऐकावा. फणसाचे किंवा सागाचे चांगले लाकूड टणक वाजते, वाळवीने पोखरलेले पोकळ वाजते. छपराचे पत्रे कशाने बांधले आहेत हेही विचारावे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा कोणाचे छप्पर टिकले आणि कोणाचे उडाले हे वाडीतील कोणीही सांगते. शेजारी सांगतात ते मालक सांगत नाहीत, म्हणून मालक नसताना एकदा शेजारी जाऊन बसावे.

पाणी कुठे चढते हेही असेच विचारून कळते. चिपळूणमध्ये 22 जुलै 2021 च्या पुरानंतर घर घेणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा पाहायला हव्यात, आणि पाटबंधारे खात्याच्या निळ्या व लाल पूररेषांच्या नकाशावर आपली जागा शोधायला हवी. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. डोंगराच्या पायथ्याशी नव्याने उतार कापून काढलेली सपाट जागा दिसली की मला आता दरडीखाली गाडले गेलेले तळीये गाव आठवते. त्या जागेचा भाव कितीही कमी असला तरी मी कोणाला ती सुचवणार नाही.

आणि मे महिना. जांभ्याच्या सड्यावर (पठारावर) पावसाचे पाणी झटकन मुरते आणि खाली निघून जाते, त्यामुळे एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांत टँकर येतो. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे आणि बोअरवेलचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. आम्ही आताच्या घराच्या शेजारच्या विहिरीत मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोहरा सोडला, दोर मोजला, पाणी चाखले. सव्वा पुरुष, म्हणजे माणसाच्या उंचीच्या सव्वापट, पाणी होते आणि गोड होते. ती विहीर आमची नाही, म्हणून शेजारच्या काकांशी बोलून पिण्यासाठी पाणी भरण्याचा आणि पाइप टाकण्याचा हक्क स्वतंत्र दस्ताने लिहून घेतला. काका म्हणाले होते, "कागद कशाला, पाणी काय कोणी नाकारतं?" त्यांचे खरे होते, ते कधीच नाकारणार नाहीत. परंतु त्यांच्या पश्चात ती विहीर त्यांच्या मुलांकडे किंवा एखाद्या तिऱ्हाइताकडे जाईल, हे समजावून सांगितल्यावर त्यांनीच सहीला यायची तारीख दिली. रस्त्याचेही तेच. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत जी पाखाडी (पायऱ्यांची पायवाट) किंवा गाडीवाट जाते ती कोणाच्या जमिनीतून जाते, नकाशावर आहे की केवळ वहिवाटीची आहे, हे पाहिल्याशिवाय घराची किंमत ठरवू नये.

मोजणीबद्दल आमचाच अनुभव पुरेसा बोलका आहे. सातबाऱ्यावर पाच गुंठे होते. विक्रेते भले गृहस्थ होते, त्यांनाही तसेच वाटत होते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेतली, तेव्हा पूर्वेकडचा शेजाऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण) या जागेच्या आत घातलेला निघाला आणि प्रत्यक्ष ताब्यात साडेचार गुंठेच भरले. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, तेव्हा अर्धा गुंठा म्हणजे जवळजवळ 545 चौरस फूट, दोन चांगल्या खोल्यांची जागा. शेजाऱ्यांशी वाद घालून तो गडगा हलवायचा की साडेचार गुंठ्यांचीच किंमत द्यायची, हे दोनच मार्ग होते. ज्यांच्या विहिरीचे पाणी प्यायचे त्यांच्याशी पहिल्याच वर्षी हद्दीचा तंटा नको, म्हणून आम्ही किंमत कमी करून घेतली आणि खरेदीखतात चतुःसीमा मोजणीच्या नकाशाप्रमाणे लिहिल्या. मोजणीला काही महिने लागतात, त्यामुळे साठेखताच्या वेळीच अर्ज करावा.

पैशांचे गणित मी शेवटी मांडते आहे, कारण ते त्यामानाने सरळ आहे. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, परंतु ही किंमत बँकेचा मूल्यांकनकार ठरवतो आणि गावातील जुन्या घराला तो बहुधा कमीच धरतो. सहसा मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्यात धरला जात नाही, तो आपल्या खिशातून करावा लागतो. नोंदणी शुल्क 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. मुद्रांक शुल्काचा दर ग्रामपंचायत आणि नगरपरिषद हद्दीत वेगळा असतो, आणि ते प्रत्यक्ष किंमत व सरकारी बाजारमूल्य यांतील जी रक्कम जास्त तिच्यावर बसते. राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास एप्रिल 2021 पासून त्यात 1 टक्क्याची सवलत आहे. आम्ही घर माझ्या नावे घेतले. सवलत हे त्याचे एकच कारण नव्हते, हेही नोंदवून ठेवते.

कर्जाची मुदत ठरवताना फक्त हप्त्याकडे पाहिले तर फसायला होते. 20 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण 17,356 रुपये येतो, 15 वर्षांसाठी घेतले तर 19,695. महिन्याला सुमारे 2,340 रुपये जास्त भरले की एकूण परतफेडीत सहा लाखांहून अधिक रक्कम वाचते. आम्ही 20 वर्षांची मुदत घेतली, कारण माझ्या सासूबाईंच्या औषधांचा खर्च अनिश्चित होता, आणि दर वर्षी पगारातील फरकाची रक्कम आली की मुद्दलात भरतो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड बँक लावू शकत नाही, हे लक्षात ठेवावे. हाताशी निदान पहिल्या पावसाळ्याच्या दुरुस्तीचे पैसे ठेवूनच विसार द्यावा.

काही रक्कम रोखीने द्या, असा आग्रह आम्हांला तीन ठिकाणी झाला. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा अधिक रोखीने घेणे आयकर कायद्याला धरून नाही, शिवाय उद्या व्यवहार मोडला तर ती रक्कम दिली होती हे दाखवायला काहीच उरत नाही. विक्रेता परदेशात स्थायिक असेल, आणि रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर असे विक्रेते पुष्कळ आहेत, तर किंमत 50 लाखांच्या आत असली तरी करकपात करण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते. हे विसरले तर पुढे कराची नोटीस आपल्याला येते. तेवढ्यासाठी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

ज्यांना रत्नागिरी, चिपळूण, कुडाळसारख्या ठिकाणी फ्लॅट घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडेसेच लिहिते. महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी 500 चौरस मीटरहून मोठ्या जागेच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पांना लागते. आमच्याकडे आठ फ्लॅटच्या लहान इमारती खूप आहेत आणि त्या या नोंदणीबाहेर राहतात, तिथे ग्राहकाने स्वतःच दुप्पट सावध असावे. नोंदणीकृत प्रकल्पात करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. भाव चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर (कार्पेट एरियावर), विचारावा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास खुली केल्याचा सरकारी दाखला) न पाहता किल्ली घेऊ नये, आणि जमीन सोसायटीच्या नावे केव्हा होणार ते करारात लिहिलेले असावे.

खरेदीखत नोंदवले त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयातून बाहेर पडताना आमच्या हातात पेढ्याचा पुडा होता आणि काम संपले असे वाटत होते. मामांनी तिथेच थांबवून पुढची यादी सांगितली. फेरफाराची नोंद घातली गेली का, हे तलाठ्याकडे जाऊन पाहायचे. त्यावर हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यावर नाव चढते. घरपट्टी आणि विजेचा मीटर आपल्या नावे करायचा, त्याआधीची थकबाकी विक्रेत्याकडून फेडून घ्यायची. मूळ दस्त बँकेत गहाण राहतो, म्हणून कोणकोणते कागद जमा केले त्याची शिक्का मारलेली यादी बँकेकडून घ्यायची. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत बँकेने ते कागद परत द्यायचे असतात आणि तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. आपल्याकडच्या प्रती पत्र्याच्या डब्यात, मेणकापडात गुंडाळून ठेवायच्या, कारण आमच्या किनाऱ्यावर एका पावसाळ्यात कागदाला बुरशी येते. मामांनी दिनदर्शिकेच्या मागे काढलेला तो एकतीस वारसांचा वंशवृक्षही मी त्याच डब्यात ठेवला आहे. घर पाहायला निघालेली एखादी शिक्षिका आली की तो बाहेर काढते आणि तिच्या उताऱ्यावरची नावे आम्ही दोघी मिळून पेन्सिलीने मोजतो.